टॉप किती जाते?

पेट्रोल पंपावर हमखास येणारा प्रश्न. स्कूटरवाल्याला लोक ‘किती देते?’ असं विचारतात, स्पोर्ट्स बाइकवाल्याला ‘टॉप किती जाते?’. परवा वारज्याच्या पंपावर पाइप हातात धरलेल्या मुलाने नेहमीप्रमाणे विचारलं. मी हेल्मेट काढलं, पोनीटेल बाहेर आली आणि त्याने लगेच प्रश्न बदलला. ‘तुमचीच आहे का?’

माझी नव्हती, उसनी होती. त्यामुळे त्याच्यावर भडकायचा चान्सही गेला.

पण खरं सांगू? टॉपचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. विचार करा ना, आपल्या राज्यातले सगळ्यात गुळगुळीत रस्ते कोणते? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, टूव्हीलरला बंदी. वांद्रे-वरळी सी लिंक, बंदी. समृद्धी महामार्ग, बंदी. २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, तिथेही बंदी आणि त्याच वर्षी खुल्या झालेल्या मुंबईच्या कोस्टल रोडवरही बंदी! म्हणजे चार-साडेचार लाखांची मशीन घ्यायची आणि चांदणी चौकातून पौडला जाताना टेम्पोच्या मागे धूर खात बसायचं. रेसट्रॅकवर मनसोक्त पळवायची तर थेट कोइमतूर नाहीतर चेन्नई गाठा. आपल्या वाट्याला उरतात ते घाट. आणि घाटात टॉपचं काय लोणचं घालायचंय?

तर मंडळी, यंदा या कॉलममध्ये जरा वेगळा हिशेब.

माझी सेकंडहॅण्ड आर१५ गेली सहा वर्षं इमानेइतबारे धावतेय. १५० सीसी, सतरा-एक पीएस ताकद. तक्रार काहीच नाही. पण घाटात मागून ग्रुप येतो आणि एकेक करून सगळे पुढे जातात, तेव्हा हात हलवून हलवून खांदा दुखतो हो. एक एफडी आहे, साडेतीन लाखांची. फ्रीलान्सर माणसाची एफडी म्हणजे काय ते नोकरीवाल्यांना नाही कळायचं. पेमेंट तीन-तीन महिने अडकतं, सॅलरी स्लिप नसल्याने लोनवाला फोन ठेवून देतो, आणि रात्री झोप लागते ती या एफडीच्या भरवशावर. ती मोडायची तर गाडी चुकून चालणार नव्हती.

आमच्या संडे ग्रुपमध्ये तीन जणांकडे तीन बायका... सॉरी, बाइका आहेत. डेंटिस्टकडे यामाहाची आर३. सीएकडे केटीएमची आरसी ३९०, २०२२ चं मॉडेल. आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगवाल्याकडे एप्रिलियाची आरएस ४५७. तिघांनी तीन रविवार चाव्या दिल्या. (दोघांनी आनंदाने, टेस्टिंगवाल्याने आवंढा गिळून.) निन्जा का नाही, असं कावासाकीवाले विचारतीलच. आमच्यात कोणाकडे नाही म्हणून, एवढंच.

कागदावर बघायला गेलं तर या तिघी जवळजवळ सख्ख्या बहिणी. आर३ दोन सिलिंडरची, ३२१ सीसी, ४२ पीएस, १६९ किलो. आरसी एक सिलिंडरची, ३७३ सीसी, ४३.५ पीएस, १७२ किलो. आरएस पुन्हा दोन सिलिंडर, ४५७ सीसी, ४७.६ पीएस, १७५ किलो. सहा किलोचा फरक म्हणजे तर माझी नेहमीची लॅपटॉप-कॅमेरा बॅग. हे आकडे वाचून गाडी ठरवता आली असती तर मी घरीच बसले नसते का?

त्यातला ४७.६ हा आकडा मात्र मजेशीर आहे. तो इंजिनीअरच्या नाही, लायसन्सच्या हिशेबाने आलाय. युरोपात तरुण रायडरला आधी ए-टू लायसन्स मिळतं, त्यावर ३५ किलोवॉटपर्यंतचीच गाडी चालवता येते. ३५ किलोवॉट म्हणजे बरोबर ४७.६ पीएस. अशा गाडीवर दोन वर्षं काढा, मग मोठ्या गाडीचं लायसन्स मागा. आपल्याकडे? गिअरच्या मोटरसायकलचं एकच लायसन्स. आठाचा आकडा काढून दाखवला की शंभर सीसीपासून हायाबुसापर्यंत सगळं रान मोकळं. म्हणजे चुका करायच्या कुठे आणि शिकायच्या कुठे, हे ज्याने त्याने बघून घ्यायचं.

म्हणून मी ठरवलं, वेग मोजायचा नाही. चुका मोजायच्या. टँक बॅगेत एक वही ठेवली. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचं बॅकवॉटर आणि ताम्हिणी. तोच रस्ता, तोच पावसाळा, मीही तीच. प्रत्येक रविवारी मी काय काय चुकले आणि गाडीने त्या चुकीचं काय केलं, एवढंच लिहायचं.

पहिल्या रविवारी आर३.

बसल्या बसल्या प्रेमात पडावं अशी गाडी. माझी उंची पाच फूट तीन इंच. सीट ७८० मिलिमीटरवर, त्यामुळे सिग्नलला दोन्ही पाय नीट टेकतात. उंच मुलांना हे वाक्य वाचून काहीच होणार नाही. आम्हा बुटक्यांना मात्र माहितीये, चिखलात, उतारावर, मागे एसटी उभी असताना पाय टेकणं म्हणजे काय असतं ते. हॅण्डलही फार खाली नाही. पौडपर्यंत मनगटांनी ब्र काढला नाही. पौडच्या पुढे एका हॉटेलसमोर चुकून खडीत थांबले, गाडी डावीकडे कलली, आणि मी नुसता पाय रोवून ती सावरली. वहीत पहिली नोंद: ‘चुकीच्या जागी थांबले. माफ.’

मग चढावरचं पहिलं हेअरपिन आलं आणि मी तिसऱ्या गिअरमध्येच आत शिरले. दुसरा हवा होता. आर३ने निषेध नोंदवला. थ्रॉटल पिळला तरी काही नाही. गाडी गुदमरली, क्लच अर्धा दाबून कशीबशी वर काढली, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर पूर्ण आरती म्हटली.

यात गाडीचा दोष नाही, तिचा स्वभावच तसा. तिचा जास्तीत जास्त टॉर्क २९.५ न्यूटन-मीटर, तोही ९००० आरपीएमला, आणि पूर्ण ताकद १०,७५० ला. म्हणजे वर, आणखी वर, किंचाळेपर्यंत नेली की ती खूष. आणि तिथे गेली की काय गोड चालते! तिचे दोन पिस्टन एकमेकांच्या उलट हलतात, एक वर तेव्हा दुसरा खाली. त्यामुळे एकाचा धक्का दुसरा बराचसा खाऊन टाकतो आणि इंजिन वरच्या पट्टीत रेशमासारखं फिरतं. मुळशीच्या सरळ पट्ट्यावर दोनदा तसा सूर लागला. दोनदाच. कारण त्यानंतर म्हशी आल्या.

दुसऱ्या रविवारी आरएस ४५७. ही नावाने इटालियन, पण जन्माने आपली बारामतीची! पिआजिओच्या बारामतीच्या कारखान्यात ही बनते आणि तिथूनच परदेशात जाते. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात इंडिया बाइक वीकला लाँच झाली तेव्हा किंमत होती ४ लाख १० हजार, एक्स-शोरूम. आरसीसुद्धा चाकणच्या बजाजची. म्हणजे एक इटालियन आणि एक ऑस्ट्रियन, दोघींचाही जिल्हा पुणे. परकी खरी ती आर३च. २०२३ साली ती आपल्याकडे परत आली ती तयार, बाहेरून बनून.

आरएसचीही दोन सिलिंडर, पण गंमत क्रँकमध्ये आहे. पिस्टन एकमेकांपासून १८० नव्हे, २७० अंशांवर. म्हणून स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक ठोका, छोटी विश्रांती, दुसरा ठोका, मोठी विश्रांती. लक्ष्मी रोडवर विसर्जनाला उभं राहिलेल्यांना सांगते: आर३ म्हणजे ताशा, आरसी म्हणजे एकटा ढोल, आणि आरएस म्हणजे ढोलाचा तो अडखळल्यासारखा वाटणारा पण पोटात शिरणारा ठेका. आवाज तर आहेच, पण मागचं चाक रस्त्याला कसं चिकटलंय हे या ठेक्यामुळे पार्श्वभागाला कळतं. (संपादकांनी हा शब्द ठेवला तर आभारी आहे.)

त्याच हेअरपिनला मी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये शिरले. शपथ, मुद्दाम नाही. माझी सवयच ती, आर१५वरही हेच करते. पण आरएसने नुसता एक हुंकार दिला आणि वर निघाली. ४३.५ न्यूटन-मीटर, तेही ६७०० ला. मधल्या पट्टीत एवढा मालमसाला असल्यावर गिअर चुकला तरी पोळी करपत नाही. त्या दिवशी वहीत ‘चुकीचा गिअर’ अकरा वेळा लिहिलंय आणि अकराही वेळा पुढे ‘माफ’. घरी येताना पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा मी हसत होते. गाडी परत देताना टेस्टिंगवाल्याने विचारलं, ‘कशी वाटली?’ मी म्हटलं, ‘ठीक आहे.’ मत्सर लपवायचा याहून चांगला मार्ग मला येत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, झालं तर मग! मोड एफडी, घे बारामती. मलाही तसंच वाटत होतं. तिसरा रविवार केवळ शब्द दिला होता म्हणून.

आता थोडं सीएबद्दल. २०२१ च्या जुलैमध्ये तो ताम्हिणीत पडला. तेव्हा त्याच्याकडे दुसरी, जुनी गाडी होती. उजवं वळण, झाडाखालचा ओला रस्ता, समोरून वळणावरच ओव्हरटेक करत आलेली एक जीप. त्याने वाकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला. चाक घसरलं, तो आणि गाडी वेगवेगळ्या दिशांना गेले. कॉलरबोन दोन ठिकाणी मोडलं. मी त्याच्या मागे होते, साठ-सत्तर मीटरवर. त्याला रस्त्यावरून उठवताना हेल्मेटच्या आतून तो ‘लॅपटॉप, लॅपटॉप’ करत होता, सॅकमध्ये क्लायंटचं रिटर्न होतं म्हणे. आम्ही आजही त्यावरून त्याची खेचतो. पण ते वळण आलं की ग्रुपमधलं कोणी काही बोलत नाही.

बरा झाल्यावर त्याने आरसी घेतली, ती एका गोष्टीसाठी. कॉर्नरिंग एबीएस.

साधं एबीएस आता बहुतेकांना माहीत आहे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या सगळ्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. ते चाकांचा वेग बघतं, चाक लॉक होतंय असं वाटलं की ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं. सरळ रस्त्यावर हे झक्कास काम करतं. पण गाडी वाकलेली असते तेव्हा टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होत असते. पगाराचे ऐंशी टक्के ईएमआयमध्ये गेल्यावर शॉपिंगला किती उरतात, तसंच. त्या उरलेल्या वीस टक्क्यांत तुम्ही पूर्ण ब्रेक मारायला गेलात की अकाउंट मायनसमध्ये, आणि तुम्ही रस्त्यावर. कॉर्नरिंग एबीएसवाल्या गाडीत एक सेन्सर असतो, गाडी किती वाकलीय ते सतत मोजणारा. त्या हिशेबाने तो ब्रेकला आधीच लगाम घालतो. आर३ला आणि आरएसला एबीएस आहे, हे नाही. आरसीला आहे.

तर तिसरा रविवार. आरसी आवडली का? सकाळी अजिबात नाही. तिघींत सीट सगळ्यात उंच, नुसते चवडे टेकतात. तिघींत तीच जास्त वाकवते, त्यामुळे भूगावपर्यंत मनगटं बोलायला लागली. एकच सिलिंडर, म्हणून खालच्या आरपीएमला ढोल थेट हाडात वाजतो. पण वळणात टाकली की काय आज्ञाधारक! नुसतं बघितलं की जाते तिकडे.

आणि मग ते झालं. त्याच पट्ट्यात, सीएच्या वळणाच्या दोन वळणं अलीकडे. गाडी वाकलेली, रस्ता ओला, आणि समोर माझ्या लेनमध्ये एक एसयूव्ही, वॉटरफॉलसोबत सेल्फीसाठी रस्त्याच्या मधोमध थांबलेली. सगळे दरवाजे उघडे. मी तेच केलं जे कधीच करायचं नाही असं गेली चार वर्षं घोकतेय. पुढचा ब्रेक, सगळी बोटं, गच्च.

लिव्हर बोटांखाली थरथरला. गाडी किंचित उभी झाली, वळणाच्या थोडी बाहेर गेली, पण घसरली नाही. मी एसयूव्हीच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबले. आतल्या काकूंनी विचारलं, ‘काय झालं गं?’ माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सेन्सर नसता तर पडलेच असते, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. टायर चांगले होते, वेग बेताचा होता. आणि सेन्सर पकड निर्माण करत नाही, असलेली नीट वापरतो, तेवढंच. शेवाळावर तोही हात वर करतो. पण वहीत लिहिताना हात थरथरत होता, अक्षर अजून तसंच दिसतंय.

बरं, कहाणी इथे संपली असती तर आरसी देवीच ठरली असती. पुढे अर्ध्या तासात चहाच्या टपरीसमोर, उतारावर, जेमतेम चवड्यांवर उभी असताना मी ती धपकन डावीकडे पाडली. शून्य वेगाने! क्लचचा लिव्हर वाकला, माझे पैसे गेले आणि टपरीवरचे चार जण उचलायला धावले. तेच आर३वर असते तर नुसता पाय रोवला असता.

रात्री बाबांना वही वाचून दाखवली. बाबांची आरएक्स १०० होती, लग्नाआधी. शंभर किलोच्या आसपास वजन, अकरा हॉर्सपॉवर, आणि ब्रेक म्हणजे दोन्हीकडे ड्रम. ‘आमची गाडी काहीच माफ करायची नाही, म्हणून आम्ही नीट चालवायचो,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि गुडघ्यावरचा टाका दाखवायला ते सोयीस्कर विसरतात. मी त्यांना दुसऱ्या बाबांची गोष्ट सांगितली. तादाओ बाबा, होंडाचे इंजिनीअर. १९९२ ची पहिली फायरब्लेड त्यांची. बाकीचे ताकद वाढवत बसले होते, तेव्हा या बाबांनी ८९३ सीसीचं इंजिन ६०० सीसीच्या गाडीइतक्या वजनात बसवलं. १८५ किलो, कोरडं वजन. कारण हलकी गाडी वळते, थांबते, ऐकते. आजची प्रत्येक स्पोर्ट्स बाइक त्या विचाराची नात-पणती आहे. बाबा म्हणाले, ‘आडनाव चांगलं आहे.’

मग आम्ही दोघांनी बसून बेरीज केली. तीन रविवारांत चुकीचा गिअर: एकोणतीस वेळा. चुकीच्या जागी थांबणं: सात. वळणात ब्रेक: एक.

नेहमीची चूक बघितली तर आरएस घ्यायला हवी. खिसा बघितला तर आर३. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ लाख ६० हजारांवर आली होती, आणि त्या वर्षी २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तर त्याच्या वरच्यांवर ४०. म्हणजे ३२१ सीसीवाली फायद्यात आणि बाकीच्या दोघी तोट्यात. पण चुका नुसत्या मोजून भागत नाही ना. गिअर चुकला तर ट्रकवाला हॉर्न वाजवतो. पाय निसटला तर लिव्हर जातो. तिसऱ्या चुकीची किंमत मी २०२१ मध्ये साठ मीटरवरून बघितलीय.

त्यात सीएच्या घरी डिसेंबरमध्ये पाळणा हलणार आहे आणि गाडी विकायचा वटहुकूम निघालाय. दोन लाख दहा हजार म्हणतोय, नवा लिव्हर धरून. (वाकवला मी, बिल माझ्याच माथी. सीए तो सीएच.) उरलेल्या पैशांतून थोडे चांगल्या बुटांना, बाकीचे पुन्हा एफडीत. सीट जरा खाली आणता येते का, ते मेकॅनिक बघतोय. मनगटांसाठी पुश-अप्स सुरू केलेत, आज चार झाले.

आईला सेन्सरचं सगळं समजावलं, तो ईएमआयचा दृष्टान्तसुद्धा दिला. तिने शांतपणे भाजी निवडत ऐकलं आणि विचारलं, ‘आणि तो बंद पडला तर?’ मी म्हटलं, मीटरवर दिवा लागतो. ‘आणि तू दिव्याकडे बघत नसलीस तर?’ याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

काल बँकेत गेले होते. काउंटरवरच्या काकांनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मुदतीआधी मोडताय? लग्नकार्य आहे वाटतं.’

मी म्हटलं, ‘हो. डिसेंबरात.’